दाखल्याची मुदत कायद्यात आहे, पण पावतीच नसेल तर दिवस मोजणार कुठून?

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावी सेतू केंद्रासमोर रांगा लागतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला पाहिजे, कुणाला जातीचा, कुणाला नॉन-क्रिमिलेअर. कागदं देऊन झाली की उत्तर ठरलेलं असतं: "ठेवून जा, झालं की सांगतो." माणूस कागद ठेवून घरी येतो. आठ दिवसांनी परत जातो, तर सर्व्हर डाऊन असतो. पुन्हा गेला, तर साहेब मिटिंगला. एका हेलपाट्याला एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते. तिकडे प्रवेशाची तारीख थांबत नाही.

खरं तर हे काम कुणाच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा 28 एप्रिल 2015 पासून लागू आहे. मध्य प्रदेशाने 2010 मध्ये देशात पहिल्यांदा असा कायदा केला, नंतर इतर राज्यांनी. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे. ग्रामपंचायतीतले जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना 8 चा उतारा यांनाही ठरावीक दिवस आहेत. तरी हेलपाटे सुरूच आहेत. असं का होतं?

आधी काय होतं, आता काय बदललं

मुदत ठरवणं हा प्रकार नवा नाही. 1997 नंतर सरकारी कार्यालयांत 'नागरिकांची सनद' लागली. कोणतं काम किती दिवसांत होईल, हे भिंतीवर लिहिलं जायचं. पण दिवस उलटले तर कुणाला काही होत नव्हतं. पुढे महाराष्ट्राने 2005 मध्ये कामातल्या विलंबाविरुद्ध कायदा केला. नेहमीची फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात म्हटलंय. पण आपली फाईल कोणत्या टेबलावर अडली, हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं?

लोकसेवा हक्क कायद्याने ही अडचण वेगळ्या पद्धतीने सोडवली. फाईल आत कशी फिरते, याच्याशी अर्जदाराचा संबंध ठेवला नाही. प्रत्येक सेवेसाठी एक अधिकारी नेमला, त्याला म्हणतात पदनिर्देशित अधिकारी. मुदतीत एक तर सेवा द्यायची, नाहीतर कारण लेखी देऊन अर्ज नाकारायचा. या दोन्हींपैकी काहीच झालं नाही, तर जाब त्या अधिकाऱ्याला. प्रशासनाचा हा साधा नियम आहे: सगळ्यांची जबाबदारी म्हटली की ती कुणाचीच राहत नाही, म्हणून उत्तर देणारा माणूस आधी ठरलेला असावा लागतो.

घोडं अडतं ते पावतीवर

ही सगळी व्यवस्था एका कागदावर उभी आहे, तो म्हणजे अर्ज मिळाल्याची पोचपावती. पावतीवर अर्जाचा क्रमांक आणि तारीख असते. दिवस तिथून मोजले जातात. "ठेवून जा" म्हणून टेबलावर राहिलेला कागद कायद्याच्या हिशेबात अर्जच नाही. महिनाभर तो तिथे पडून राहिला, तरी नोंदीत एक दिवसाचाही उशीर दिसत नाही. त्यामुळे वरच्या कार्यालयात सगळी कामं वेळेत झाल्याचा अहवाल जाऊ शकतो आणि गावात लोक हेलपाटे घालत असू शकतात. एकाच वेळी दोन्ही खरं असतं.

दुसरी पळवाट त्रुटीची. कागदपत्रं पूर्ण असलेला अर्ज मिळाल्यावरच मुदत सुरू होते. म्हणून आज रेशनकार्डाची झेरॉक्स, परवा स्वयंघोषणापत्र, असं एकेक तोंडी मागितलं जातं आणि मुदत पुढे सरकत राहते. काय कमी आहे ते एकदाच आणि लेखी मागून घेतलं, तर हा खेळ बराच कमी होतो.

तिसरी गोष्ट मोबाईल नंबरची. बरेच जण केंद्रचालकाकडून 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज भरून घेतात. घाईत नंबर दुसऱ्याचाच पडला, तर मेसेज त्याला जातात. दाखला तयार झाला की अर्ज नाकारला, हे ज्याचं काम त्यालाच कळत नाही.

उशीर झाला तर पुढे काय

मुदत संपली किंवा अर्ज नाकारला गेला, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. तिथलं समाधान झालं नाही तर 30 दिवसांत दुसरं अपील, आणि त्यानंतर 60 दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. योग्य कारण नसताना उशीर केल्याचं ठरलं, तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सेवा, मुदत, फी आणि अपील अधिकाऱ्याचं पद हे सगळं कार्यालयात दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. बोर्ड नसेल, तर ग्रामसभेत तो विषय मांडता येतो.

कर्मचाऱ्यांची बाजूही आहे

सगळा दोष खालच्या माणसावर टाकणं बरोबर नाही. तलाठ्याचं पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालं, ग्रामसेवकाचं 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं. पण एकाच माणसाकडे अनेक गावं, त्यात पंचनामे, निवडणुकीची कामं, नवनव्या योजनांच्या याद्या, हे बदललं नाही. दंडाची भीती त्याला आहे. रिकामी पदं भरणाऱ्यांना मात्र अशी कोणतीच मुदत नाही.

शिवाय इतके दाखले लागतातच कशाला, हाही प्रश्न आहे. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा दाखल्यांसाठी झुंबड उडाली. मग सरकारने अट सैल केली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, आणि अधिवास दाखल्याऐवजी 15 वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल, असं ठरलं. म्हणजे सरकारकडे आधीच असलेली माहिती लोकांकडून पुन्हा मागायची की नाही, हा सरकारच्याच हातातला निर्णय आहे. जे एका योजनेत जमलं, ते शाळेच्या प्रवेशात आणि शिष्यवृत्तीत का जमू नये?

तो निर्णय होईल तेव्हा होईल. तोपर्यंत गावातल्या माणसाच्या हातात तीन गोष्टी आहेत: अर्जावर स्वतःचा मोबाईल नंबर, त्रुटी लेखी, आणि पावती घेतल्याशिवाय खिडकी न सोडणं. पावती मागणं म्हणजे भांडण नव्हे. ती मागितली की साहेबांच्या टेबलावरचा कागद अर्ज होतो आणि त्याला तारीख लागते.