दावा फेटाळला म्हणजे विषय संपला नाही

‘आरोग्य विमा काढून उपयोग काय?’ हे पत्र वाचले. संताप रास्त आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. ओतूरमधील आमच्या शेजाऱ्यांना छातीत दुखू लागल्याने रातोरात दवाखान्यात हलवले. डिस्चार्ज कार्डावर ‘तीन दिवसांपासून त्रास’ऐवजी ‘तीन वर्षांपासून’ असे पडले आणि जुना आजार ठरवून दावा फेटाळला गेला. डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे दुरुस्तीपत्र व केसपेपरची प्रत जोडून फेरविचार मागितला, तेव्हा रक्कम मिळाली. कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही, तर वर्षभरात पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. नकार लेखी घ्या, डिस्चार्ज कार्ड तिथेच वाचा आणि हक्काचा पैसा सोडू नका.

– एक वाचक, ओतूर (ता. जुन्नर)