मडके, भट्टी आणि मतपेटी

चिकट तांदूळ वाफवून निववायचा, त्यात विरजणाच्या गोळ्यांची पूड कालवायची आणि मडके झाकून उबदार जागी ठेवायचे. चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी मद्य तयार होत आले ते असे. विरजणातील बुरशी तांदळातील पिष्टाची साखर करते आणि किण्व त्याच मडक्यात त्या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. ही कृती आज सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यालाही मोबाइलवर पाहता येते. साहजिकच प्रश्न निघतो, की घरच्यापुरते केले तर बिघडले कोठे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ब्रिटनने 1963 मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढली, अमेरिकेने 1978 मध्ये तसाच कायदा केला. जपानने मात्र 1899 मध्ये घरगुती मद्यनिर्मितीवर घातलेली बंदी उठवलेली नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा परवान्याविना मद्य तयार करू देत नाही. पलूसच्या वाइन उद्यानासाठी सरकारने द्राक्षबागाइतदाराला उत्तेजन दिले, तेही परवान्याच्या चौकटीत.

आंबवणे आणि गाळणे यांत फरक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तांदूळ आंबवल्याने जीवघेणे विष तयार होत नाही. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे दगावली, ती मिथेनॉलमिश्रित दारूने. शास्त्राच्या दृष्टीने मडके निर्दोष ठरते. परंतु कायदा केवळ रसायनशास्त्रावर उभा राहत नाही. तो ज्या समाजात राबवायचा, त्याचा अनुभवही मोजावा लागतो.

उसाच्या आणि गुळाच्या या पट्ट्यात हातभट्टीला कच्चा माल शोधावा लागत नाही. मजुरीचे पैसे तिथे गेले की त्या रात्रीची चूल आणि पाठीवरचे वळ यांचा हिशेब घरच्या बाईला द्यावा लागतो. राज्याने तिच्या हाती एक शस्त्र दिले. गावातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला, तर परवानाधारक दुकान बंद होते. सातारा जिल्ह्यातील गावांनी हे शस्त्र चालवून दाखविले आहे.

पण मतपेटी दुकानापर्यंतच पोहोचते. भट्टी मुळातच बेकायदा असल्याने तिच्यावर मतदान नाही. तिथे केवळ पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग यांच्या इच्छाशक्तीवर भिस्त. उद्या घरातील मडक्यालाही मोकळीक मिळाली, तर स्त्रियांनी दुकान बंद पाडले तरी दारू उंबरठ्याच्या आत राहील, आणि भट्टीवाल्याला ‘घरच्यापुरते’ ही सबब आयती मिळेल. लंडनच्या गृहस्थाला दिलेली सवलत येथे जशीच्या तशी लागू करणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

मात्र केवळ नकार देऊन सरकारची जबाबदारी संपत नाही. ज्या गावाने बाटली आडवी केली, त्या गावाच्या ग्रामसभेत हातभट्ट्यांवरील कारवाईचा लेखी हिशेब अधिकाऱ्यांनी ठराविक मुदतीने मांडावा. औद्योगिक मिथेनॉल कोठून निघाले आणि कोठे पोहोचले, याची कसून नोंद व्हावी. किण्वनाचे शास्त्र विद्यार्थ्यांनी जरूर शिकावे. त्यासाठी इडलीचे पीठही पुरेसे आहे. दुकान बंद पाडणाऱ्या बाईला भट्टीपुढे एकटे सोडणारे राज्य दारूबंदीचे नाव घेण्यास पात्र नाही.