पाटातले पट्टीचे पोहणारे

शिकवणाऱ्याला ती विद्या स्वतःला उत्तम आलीच पाहिजे, असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. मी गेली वीस वर्षे वर्गात कविता शिकवतो. पण माझ्या हातून आजवर चार ओळींची आरतीसुद्धा झालेली नाही. म्हणून असेल कदाचित, सोइची साकामोतो या गृहस्थांविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो. अमेरिकेतल्या थोर जलतरण-प्रशिक्षकांत त्यांचे नाव घेतात, आणि त्यांना स्वतःला पोहणे अगदी बेताचे येत होते!

साकामोतोंचा जन्म 1906 सालचा, हवाई बेटांपैकी माउई बेटावरचा. वंशाने जपानी. पुउनेने या गावी ते शाळामास्तर होते. भोवती जिकडे पाहावे तिकडे ऊस, आणि ऊस म्हटला की पाट आलाच. हे नगर-कोल्हापूरकडच्या वाचकांना निराळे सांगायला नको. आईबाप दिवसभर मळ्यात राबत, आणि पोरे उन्हाच्या काहिलीत पाटात उड्या टाकीत. मळ्याचे पोलीस त्यांना हुसकून लावीत. मास्तरांनी मळेवाल्यांकडे शब्द टाकला, की मी जातीने लक्ष ठेवतो, पोरांना पाण्यात राहू द्या. एवढ्या साध्या रदबदलीतून पुढचे सारे रामायण घडले.

आपल्याकडे पाठीला सुका भोपळा बांधून मुलाला विहिरीत ढकलून देत. त्याने मूल तरंगायला शिकते. वेग येत नाही. साकामोतोंनी वेगासाठी पाटाचाच उपयोग केला. अरुंद, उथळ पाट. पण पाण्याला ओढ होती. मुलांनी ओढीच्या विरुद्ध जीव तोडून पोहत जायचे आणि मग वळून प्रवाहाबरोबर सुळकन खाली यायचे. जाताना कष्ट, येताना उसंत. श्रम आणि विसावा असे आलटून-पालटून देण्याच्या या पद्धतीचा पुढे जलतरणात फार बोलबाला झाला. मास्तर शाळेत विज्ञान शिकवीत. काठावरून मुलांचे हातपाय न्याहाळणे हाच त्यांचा अभ्यास.

1937 साली त्यांनी ‘तीन वर्षांचा जलतरण क्लब’ काढला. तीनच वर्षे का? तर 1940 चे ऑलिंपिक टोकियोला ठरले होते. मजुरांच्या पोरांनी अमेरिकेच्या संघातून, आपल्या वाडवडलांच्या मुलखात जाऊन पोहायचे! तोवर खेळ दुसरा नाही, चैन नाही, फक्त पाणी. पुढे पोहायला नीट तलावही मिळाला. पण 1938 साली जपानने ते सामने परत केले. ते हेलसिंकीला गेले, आणि मग महायुद्धाने ते पार बुडवले.

इथे मी नेहमी अडखळतो. मास्तरांनी मुलांकडून त्यांच्या बाळपणातली तीन वर्षे मागून घेतली होती. आता त्यांना काय सांगावे? आपणही मुलांशी असेच करार करतो, वाचकहो. मॅट्रिक होऊ दे, मग हवे तेवढे खेळ. आपल्या करारातले ‘मग’ निदान उगवते तरी.

क्लब मात्र मोडला नाही. 1939, 1940 आणि 1941, अशी लागोपाठ तीन वर्षे या पाटातल्या पोरांनी अमेरिकेचे राष्ट्रीय सांघिक अजिंक्यपद पटकावले. फुजिको कात्सुतानी ही मुलगीही राष्ट्रीय विजेती ठरली. त्यानंतर डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बर झाले आणि काल टाळ्या घेणारी जपानी नावे एका रात्रीत संशयित ठरली. त्यांतला हालो हिरोसे जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या 442 व्या पलटणीत भरती होऊन युरोपात लढायला गेला.

ऑलिंपिक पदक आले ते 1948 साली, लंडनला. बिल स्मिथ हा होनोलुलूचा. लहानपणी विषमज्वरातून उठलेला. हा मुलगा माउईला मास्तरांच्या घरी राहून तयार झाला होता. त्याने 400 मीटरचे सुवर्णपदक मिळवले आणि रिलेतले दुसरे. साकामोतो पुढे हवाई विद्यापीठात प्रशिक्षक झाले, 1966 साली त्यांना आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिमंदिरात स्थान मिळाले, आणि 1997 साली ते वारले. सारे यथासांग.

पण मला आठवतो तो कियो नाकामा. पाटातल्या पहिल्या पोरांपैकी हा सर्वांत नावाजलेला. ऐन उमेदीची वर्षे युद्धाने खाल्ली, ऑलिंपिक हुकले ते हुकलेच. 1961 साली, चाळिशी उलटल्यावर, हा गृहस्थ मोलोकाई बेटाच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरला आणि 15 तासांहून अधिक वेळ पोहत ओआहू बेटावर पोहोचला. ती खाडी त्याच्याआधी पोहून कोणी ओलांडल्याची नोंद नव्हती. या वेळी त्याला कोणत्याही संघात निवडून यायचे नव्हते.