धसका किती फुटांवर?

ऑगस्ट उजाडला की कोल्हापुरात माणूस माणसाला भेटल्यावर आधी एकच विचारतो, ‘बंधाऱ्यावर किती?’ राजाराम बंधाऱ्याचे आकडे इथे पोराटोरांनाही पाठ आहेत. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शहर कित्येक दिवस बेटासारखे उरले. ८ ऑगस्टला शेजारच्या पलूस तालुक्यात, ब्रह्मनाळला, माणसे वाचवायला निघालेली नावच उलटली. दोन वर्षे होतात न होतात तोच, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा दारात.

पूर ओसरला की पंचनामे होतात. पडलेल्या भिंती, दगावलेली जनावरे, कुजलेला ऊस, कुंभार गल्लीतल्या भिजलेल्या गणेशमूर्ती यांची मोजदाद होते. अलमट्टी धरणावर आणि पूररेषेवर वाद होतात. ते व्हायलाच हवेत. पण एका नुकसानीला कुठल्याच कागदावर रकाना नाही. त्याला आपल्या बोलीत फार जुना आणि नेमका शब्द आहे : धसका.

पावसाची सर पत्र्यावर वाजली की अंथरुणातून उठून उंबऱ्यापाशी जाऊन बसणारी माणसे पूरपट्ट्यात शोधावी लागत नाहीत. कुणाला चिखलाचा वास आला की छातीत धडधडते. कुणी नदीकाठचा रस्ताच टाळतो. कुणी उगाच चिडतो, आणि घरच्यांना वाटते, स्वभाव बदलला. ‘त्यानं पुराचा धसका घेतलाय’ एवढे म्हणून आपण पुढे जातो. बहुतेकांचा धसका काही आठवड्यांत आपोआप उतरतोही. घर पुन्हा लिंपणे, डेअरीला दूध घालणे, शेजाऱ्यांचे येणे-जाणे यांची त्याला मोठी मदत होते. पण काहींचा उतरत नाही. त्यांच्या आत ती रात्र संपलेलीच नसते. अशा माणसाला ‘झालं गेलं विसर’ असे सांगणे म्हणजे मोडक्या पायाच्या माणसाला चालायला सांगणे.

या न उतरणाऱ्या धसक्यावर उपचार आहे आणि त्यात डोळ्यांच्या हालचालीचा वापर होतो, हे कोल्हापुरात किती जणांना ठाऊक असेल? ईएमडीआर, म्हणजे आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग, हे त्याचे लांबलचक नाव. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो १९८७ मध्ये एका बागेत फिरत असताना त्यांना जाणवले, की त्रास देणारा विचार मनात असताना नजर इकडून तिकडे फिरली की त्या विचाराची धार बोथट होते. त्यांनी त्यावर काम केले, १९८९ मध्ये पहिला अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे त्यातून आठ टप्प्यांची रीतसर उपचारपद्धती उभी राहिली.

उपचारक लगेच बोटे हलवायला घेत नाही. सुरुवातीच्या बैठका ओळखीत, पूर्वेतिहास विचारण्यात, आणि मन फारच घाबरले तर परत यायला एक सुरक्षित जागा मनात उभी करण्यात जातात. मग त्या आठवणीतले एकच चित्र निवडायचे. दावणीला बांधलेली म्हैस आणि चढत चाललेले पाणी, असे काहीही. त्या चित्राबरोबर स्वतःविषयी जे वाक्य मनात रुतून बसले आहे तेही शोधायचे : ‘माझ्या हातून काही झालं नाही.’ आणि मग उपचारक विचारतो, आत्ता त्रास किती, ० ते १० मध्ये? बंधाऱ्यावरचे फूट मोजत वाढलेल्या माणसाला ही पट्टी समजावून सांगावी लागणार नाही.

त्यानंतर उपचारकाची बोटे डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरतात. डोके स्थिर, फक्त नजर मागोमाग. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की थांबायचे, श्वास घ्यायचा, मनात काय आले ते थोडक्यात सांगायचे. पुन्हा नजर फिरवायची. पट्टीवरचा आकडा हळूहळू उतरू लागतो. तो तळाला आला की त्या रुतलेल्या वाक्याच्या जागी दुसरे, खरे वाक्य बसवायचे : ‘मला जे शक्य होतं ते मी केलं.’ सगळी हकिकत तपशीलवार सांगण्याची सक्ती इथे नसते, आणि आम्हाला हीच गोष्ट आपल्या भागासाठी फार मोलाची वाटते. गड्याने रडायचे नाही, बाईने घरातले बाहेर काढायचे नाही, अशा शिकवणीत वाढलेल्या माणसांना तोंड उघडणेच सर्वांत जड जाते.

हे घडते कसे? सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे : आपले चालू काम सांभाळणारी स्मृती लहान असते. आठवण डोळ्यांसमोर धरणे आणि नजर फिरवणे ही दोन्ही कामे तिला एकदम पेलत नाहीत. चित्र फिके पडते आणि ते तसेच, फिक्या रंगात, पुन्हा साठवले जाते. घडलेले पुसले जात नाही, ते मागे सरकते. डोळ्यांच्या हालचालीचा वाटा नेमका किती, यावर संशोधकांत वाद आहेत. काही उपचारक नजरेऐवजी दोन्ही हातांवर आलटून पालटून हलक्या थापट्या देतात. पण आघातग्रस्तांना या पद्धतीचा उपयोग होतो, यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. आघातावर केंद्रित वर्तनोपचारांच्या जोडीने तिने ईएमडीआरची शिफारस केली.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये भारतीय उपचारकांना या पद्धतीचे प्रशिक्षण मिळाले. त्याआधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा असे हात आपल्याकडे नव्हते. कित्येक गावकऱ्यांना पुढे दगडी घराच्या छपराखाली झोप लागेना. डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी तेव्हा भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यास हाती घेतला, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये.

एक धोका मात्र आताच सांगायला हवा. पाणी अजून गुडघाभर असताना छावणीत जाऊन ‘काय काय झालं ते सगळं सांग’ म्हणून माणसाला खोदून विचारणे, ही मदत नव्हे. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सारे ओकायला लावण्याने उपयोग होत नाही, कधी अपायही होतो, हे संशोधनातून दिसून आले आहे. त्या वेळी हवे असते ते कोरडे अंथरूण, गरम जेवण, हरवलेल्या माणसाची खबर. आपल्या तालमींची पोरे ते उत्तम करतात. आणि बोटींवर जाऊन माणसे काढणाऱ्या व्हाईट आर्मीच्या जवानांच्या, पोलिसांच्या, तलाठ्यांच्या मनातही धसका साठतो, त्यांची विचारपूस कोण करते?

उपचाराची खरी वेळ नंतर येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम अस्तित्वात आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक २०२२ पासून मराठीतही बोलतो. त्यांना जोडून शिरोळ, करवीर आणि हातकणंगले या तालुक्यांत या पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण घेतलेली दोन-दोन माणसे पुढच्या जूनच्या आत उभी करा, अशी आमची जिल्हा प्रशासनाकडे मागणी आहे. दोन दिवसांच्या शिबिरात बोटे फिरवायला शिकलेला हौशी उपचारक नको. त्याच्या हातून उघडलेली जखम तशीच उघडी राहील. आणि पंचनाम्याच्या कागदावर एक रकाना वाढवा. तो भरायला मात्र पाणी उतरल्यावर लगेच जाऊ नका. जानेवारीत जा. तेव्हा कारखान्यांचे गाळप जोरात असते, नदी पात्रात असते आणि पुराची आठवण कुणी काढत नाही. प्रयाग चिखलीत, आंबेवाडीत, सुतारवाड्यात, कुरुंदवाडात आशाताईंनी दारात उभे राहून तेव्हा विचारावे, ‘आत्ता किती?’