मैदानावरच्या गोष्टी : रायफल कुणाच्या मापाची?



इस्लामपूरहून आठवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. तो विचारतो, "बाई, नेमबाजीत नुसतं उभं राहून चाप ओढायचा असतो. त्यात खेळ कसला? आणि भारी रायफल हातात दिली तर कुणीही दहा मारेल ना?"

पत्र वाचून मला हसू आलं. काही वर्षांपूर्वी माझंही मत असंच होतं. ते बदललं आमच्याच शाळेच्या एका मुलीमुळे. चौथीला ती माझ्या वर्गात होती. पुढे नववीत गेल्यावर तालुक्याच्या गावी एका क्लबात १० मीटर एअर रायफल शिकायला लागली. स्वतःची रायफल कुठली असणार? क्लबची एक रायफल तिला नेमून दिलेली होती.

आधी या खेळाचं माप सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा. लक्ष्य दहा मीटरवर आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक! छर्र्याची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात, एवढीच काय ती सवलत. एकेक गुण कमी होतो तो अडीच-अडीच मिलिमीटरला. दुर्बीण लावायला परवानगी नाही. मागच्या साइटचं बारीक भोक, पुढच्या साइटची कडी आणि लांबचा काळा गोल अशी वर्तुळात वर्तुळं बसवायची. रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असते आणि ती उभ्यानं पेलायची.

तर आमची ही मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शंभरात ९७-९८ मारायची. जून-जुलैत ती ९१-९२ वर घसरली. ऑगस्टमध्ये जिल्ह्याची निवड होती. घरी आई म्हणाली, "मोबाइल बघून डोळे गेलेत हिचे." वर्गातल्या मुली म्हणाल्या, भाव खायला लागली होती ना, बरं झालं. एक दिवस ती शाळेत आली आणि माझ्यासमोर रडायलाच लागली. "बाई, मला जमत नाही, मी सोडते." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर क्लबात गेले.

तिथले सर लष्करातून निवृत्त झालेले. बोलणं कमी. "सोडायचं असेल तर सोड, पण आधी दोष कुणाचा ते तरी बघू," म्हणाले. आधी त्यांनी रायफल रिकामी असल्याची खात्री करून घेतली. नळीत नारिंगी दोरी घातलेली नसेल तर तिथे कुणी रायफलला हातसुद्धा लावत नाही. मग दस्त्याचे आणि साइटचे स्क्रू एकेक तपासले. सगळे घट्ट. मग वर्कशॉपमध्ये असतो तशा व्हाइसमध्ये रायफल आवळून बसवली आणि तिच्याच डबीतले पाच छर्रे झाडले. कागदावर पाच भोकं पडलीच नाहीत. सगळे एकाच भोकातून गेले! दुसऱ्या डबीचे पाच झाडले, तर भोक जरा फाकलं. म्हणजे तिची डबी उलट बरीच होती. (वरून सारखे दिसणारे छर्रे सारखे नसतात बरं का. डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी मापं असतात आणि एका नळीला मानवतात ते दुसरीला मानवतीलच असं नाही. ५० मीटरच्या रायफलीचे मोठे खेळाडू तर आपली रायफल घेऊन जर्मनी-इंग्लंडच्या कारखान्यांत जातात, वेगवेगळ्या खेपांच्या गोळ्या अशाच आवळून तपासतात आणि जुळेल त्या खेपेचाच साठा घेतात.)

एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही सरांची पद्धत मला फार आवडली. आम्ही विज्ञानाच्या तासाला सांगतो तेच, पण आम्ही नुसतं सांगतो!

रायफल निर्दोष, छर्रे निर्दोष. मुलीचा चेहरा पडला. राहिलं कोण? तीच.

सरांनी तिला उभं राहून पाच मारायला सांगितलं. ठिपके वरखाली पसरले. "मान दुखते?" सरांनी विचारलं. "हो, जूनपासून." सरांनी तिला भिंतीला उभं केलं आणि टेप लावली. मग तिच्या जुन्या नोंदीचं पान काढलं. मार्चमध्ये १५४ सेंटिमीटर. आता १५८.

"अगं पोरी, तू वाढलीस की!" एवढं म्हणून ते मोठ्यानं हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

झालं होतं असं. रायफल होती मार्चमधल्या मुलीच्या मापाची. आता साइटमधून बघायला तिला मान वाकवावी लागायची. दर वेळी वाकण्यात थोडा फरक, म्हणून डोळा भोकाच्या मधोमध येईना. सरांनी खांद्याला टेकणारी बटप्लेट थोडी खाली सरकवली, म्हणजे रायफल वर आली आणि मान ताठ राहिली. मधे दोन चकत्या घालून दस्ता लांब केला. गाल टेकतो ती पट्टी केसभर उचलली. मग तपासणी. डोळे मिटून रायफल घ्यायची, चार श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. वर्तुळं आपोआप जुळली पाहिजेत. डावीउजवीकडे फरक पडला तर हातानं रायफल ओढायची नाही, पाय सरकवायचे. तिनं हे किमान पंधरा वेळा केलं.

शेवटी साइट लावणं. ठिपके डावीकडे खाली पडत होते. मागची साइट उजवीकडे आणि वर फिरवायची, कारण ती जिकडे सरकते तिकडे छर्रा सरकतो. एका छर्र्यावर विसंबून फिरवायचं नाही. पाच मारायचे आणि घोळक्याचा मध्य बघायचा. साइटची चकती कट् कट् वाजत फिरते. दोन साइटमधलं अंतर साधारण पाऊण मीटर आणि लक्ष्य दहा मीटर, म्हणजे मागची साइट जेवढी हलेल त्याच्या बारा-तेरा पट छर्रा हलतो. त्रैराशिक करून बघा.

आणि हे गणित केवढ्याला पडतं, ते अभिनव बिंद्राला विचारा. २००८, बीजिंग ऑलिंपिक. अंतिम फेरीआधी त्यानं सरावाचा छर्रा मारला, तर गुण मिळाले चारच्या आसपास! साइट जागची हलली होती. चार म्हणजे मध्यापासून साधारण दीड सेंटिमीटर, म्हणजे साइटचं हलणं सव्वा मिलिमीटरच्या आसपास. हाताशी काही मिनिटंच होती. त्यानं क्लिक मोजून साइट परत जागेवर आणली आणि फेरीतला पहिलाच छर्रा १०.७ मारला. शेवटच्या छर्र्याआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते, दोघंही ६८९.७. हॅकिनेनचा ९.७ लागला, अभिनवचा १०.८. भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक. तेव्हा टीव्हीसमोर टाळ्या वाजवताना त्या साइटबद्दल आपल्याला काही ठाऊक नव्हतं.

आमच्या मुलीचं काय झालं? त्याच दिवशी ९८ आले नाहीत. नव्या मापाची सवय व्हायला तीन आठवडे गेले आणि जिल्ह्याची निवड तिची थोडक्यात हुकली. तेव्हा रडली का, ते मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी मात्र निवडली गेली.

परवा बाजारात भेटली. मी सहज म्हटलं, "उंच झालीस गं." तिनं पिशवीतून वही काढली आणि शेवटचं पान दाखवलं. तारीख, उंची १६१, बटप्लेटचा आकडा, चकत्या तीन, क्लिक किती, डबीवरचं माप, सगळं ओळीनं लिहिलेलं.

"बाई, आता दर महिन्याला मोजते," म्हणाली.