महंमद तुघलक वेडा नव्हता, जुलमी होता!



राजधानी दौलताबादला हलवणारा, तांब्या-पितळेची नाणी काढून तोंडघशी पडणारा ‘वेडा महंमद’ आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याला हसून आपण मोकळे होतो. दुसरीकडे काही अभ्यासक त्याला ‘काळाच्या पुढचा’ म्हणून सोडवू पाहतात. या दोन्ही गोष्टींना आमचा स्पष्ट विरोध आहे. दोन्हींत त्याने मारलेली माणसे नजरेआड होतात.

हा सुलतान १३२५ ते १३५१ दिल्लीच्या तख्तावर होता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक या विषयांत त्याला गती होती. आपण काय करतो आहोत हे त्याला पुरते कळत होते.

त्याचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प याने बंड केले. त्याला पकडून जिवंत सोलले, कातडीत पेंढा भरला आणि ती प्रांतोप्रांती फिरवली. सूफी शेख शिहाबुद्दीन यांनी सुलतानाची चाकरी नाकारली आणि त्याला जुलमी म्हटले. छळ सोसूनही त्यांनी शब्द मागे घेतला नाही, तेव्हा त्यांचा शिरच्छेद झाला. प्रवासी इब्न बतूता तेव्हा दिल्लीचा काझी होता. शेखांना भेटायला गेला, एवढ्यावरून त्याच्यावरही पहारा बसला! गंगा-यमुनेच्या दोआबात करवाढीने नागवलेले शेतकरी रानात पळाले, तर त्यांच्यावर फौज धाडली.

‘राज्य टिकवायला कठोर व्हावेच लागते’ असे म्हणणाऱ्यांना आमचा सवाल: राज्य टिकले का? धारला त्याच्या अधिकाऱ्याने ऐंशीहून अधिक अमीर एका दमात कापले. सुलतानाने त्या अधिकाऱ्याला मानाची वस्त्रे पाठवली. आता आपलीही पाळी येणार, हे ओळखून गुजरात आणि दख्खनचे अमीर उठले. १३४७ मध्ये त्याच दौलताबादेत बहमनी राज्य उभे राहिले आणि दख्खन दिल्लीच्या हातून गेली.

या विषयाला कोणी धर्माचा रंग देऊ नये. त्याच्याविरुद्ध साक्ष देणारे इतिहासकार बरनी आणि इसामी व प्रवासी इब्न बतूता हे तिघेही मुसलमान. इसामीचे वृद्ध आजोबा तर राजधानी हलवताना दिल्लीहून दौलताबादला हाकलले जाताना वाटेतच वारले.

सर्वांत मोठा पुरावा त्याच्या वारसाचा. चुलतभाऊ फिरोजशाह गादीवर आला. मारलेल्यांच्या वारसांना आणि हात, नाक, डोळे गमावलेल्यांना त्याने देणग्या देऊन राजी केले. त्यांच्याकडून साक्षीनिशी माफीपत्रे लिहून घेतली आणि ती पेटीत घालून महंमदाच्या कबरीच्या उशाशी ठेवली. गुन्हा घरच्यांनाच मान्य होता. मग आपण त्यावर वेडेपणाचे पांघरूण का घालायचे?

बरनी सतरा वर्षे दरबारात होता. भीतीने आणि लोभाने आपण गप्प राहिलो, अशी कबुली त्याने स्वतः दिली आहे. सुलतानाइतकाच हा मुका दरबारही दोषी आहे.

म्हणून आमचे आवाहन: शिक्षकांनो, फसलेल्या नाण्यांचा धडा शिकवाल त्याच तासाला शेख शिहाबुद्दीन यांचे नाव फळ्यावर लिहा. पालकांनो, देवगिरीचा म्हणजेच दौलताबादचा किल्ला दाखवताना तिथवर फरपटत आणलेल्या दिल्लीकरांविषयी मुलांना सांगा. आणि सत्तेपुढे मान डोलावणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही स्वतः उभे राहू नका!