आकडा कळण्याआधीची सही

अमेरिकेत पदवीसाठी जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरात दिवाळीच्या सुमारास एक मोठा निर्णय घाईत होतो. 'अर्ली डिसिजन'ची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरची असते, निकाल डिसेंबरच्या मध्याला. पुण्या-ठाण्यातल्या अनेक पालकांना हा फक्त लवकर भरलेला फॉर्म वाटतो. प्रत्यक्षात तो करार आहे. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर तिघेही सही करतात आणि प्रवेश मिळाला की इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. लवकर अर्ज करण्याच्या दुसऱ्या पद्धतीत, 'अर्ली ॲक्शन'मध्ये, हे बंधन नसते.

लवकर अर्ज केल्याने संधी वाढते, हे खरे. एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउसर यांनी २००३ च्या पुस्तकात हा फायदा एसएटीच्या साधारण १०० गुणांइतका मोजला होता. पण कॉलेजे दाखवतात त्या टक्केवारीत आधीच हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलेही असतात. ती वजा केली, तर आपल्या मुलीच्या वाट्याला येणारा फायदा बराच कमी उरतो.

आणि त्याची किंमत? तुलना करण्याचा हक्क. 'रेग्युलर'मध्ये, म्हणजे नेहमीच्या मुदतीत केलेल्या अर्जात, मार्चअखेरीस चार ठिकाणची प्रवेशपत्रे समोर ठेवून १ मेपर्यंत ठरवता येते. ज्याला शिष्यवृत्तीचे आकडे ताडून पाहायचे आहेत, त्याच्यासाठी हे पाच आठवडे फार मोलाचे असतात. प्रिन्स्टनने संपन्न घरांना झुकते माप मिळते म्हणून २००६ मध्ये बंधनकारक पद्धत सोडण्याचे जाहीर केले. २०११ मध्ये लवकरचा अर्ज परत आणला, तो बंधनाविना.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. बहुतेक कॉलेजे परदेशी अर्जदाराला आर्थिक मदत लागणार का, हे निवड करतानाच पाहतात. म्हणून काही घरे 'मदत नको' असे लिहून मोकळी होतात. पुढच्या वर्षी मागू, असा हिशेब असतो. अनेक ठिकाणी मात्र पहिल्या अर्जात न मागितलेली मदत पुढची चारही वर्षे मागता येत नाही. मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येते, पण ज्याने ती मागितलीच नाही, त्याला ही वाट कुठून मिळणार? खर्च डॉलरमध्ये, वर्षाला ऐंशी-नव्वद हजारांपर्यंत. २०१४ च्या सुरुवातीला डॉलर ६२ रुपयांच्या आसपास होता, २०२४ अखेर ८५ च्या.

त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाची ओढ मान्य करूनही, सहीपूर्वी आईवडिलांनी त्याच्यासमोर चार वर्षांचा रुपयांतला हिशेब मांडावा. कर्ज किती, तारण काय, धाकट्या भावंडासाठी काय उरते, सगळे. तो आकडा एक पैशाच्या मदतीविनाही पेलणारा असेल, तर अर्ली डिसिजन जरूर करावे. नसेल, तर ऑक्टोबरमध्येच कॉलेजला ईमेल करून विचारावे: परदेशी विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी मदतीसाठी अर्ज करता येतो का? उत्तर लेखी घ्यावे, आणि ते 'नाही' असेल तर रेग्युलरचा अर्ज भरावा.